निव्वळ लसूणघास

आमच्या घरी मला जाग यायची ती आईच्या कोयत्यानं. गोठ्याच्या दारात बाभळीचा एक ठोकळा मातीत अर्धा पुरलेला होता, त्याच्यावर ती चारा तोडत बसायची. ठक्, ठक्, ठक्. तो आवाज इतका ठरलेला, की एखाद्या दिवशी आला नाही तर मी दचकून उठायची आणि कोण आजारी पडलं म्हणून घरभर बघायची. उजाडता उजाडता तिच्या पुढ्यात दोन ढीग असायचे. एक बांधावरच्या मारवेल गवताचा, वाळलेला, पिवळट, हात घातला की खरखरणारा. दुसरा आदल्या दुपारी कापून ठेवलेल्या लसूणघासाचा, हिरवागार. आमच्याकडं लसूणघासाला नुसतं घासच म्हणतात. तीन पानांचा, मेथीची थोरली बहीण शोभेल असा. दोन पेंढ्या गवत आणि एक पेंढी घास, दोन्ही बोटभर लांबीचं तोडायचं, मग दोन्ही हातांनी खालवर करून एकजीव करायचं आणि वरून मिठाच्या पाण्याचा शिपका मारायचा. याला आम्ही कुट्टी म्हणायचो. पाच शेळ्या होत्या आमच्या. कुट्टीचं घमेलं उचललं की पाचीजणी दाव्याला हिसके देऊन असा काही गलका करायच्या, की शेजारपाजारच्यांना वाटावं यांना आठवडाभर उपाशी ठेवलंय.

एवढा खटाटोप कशाला, असं मला नेहमी वाटायचं. घास घास म्हणून घालावा, गवत गवत म्हणून घालावं. पण शेळी ही जात महा चावट. दोन्ही अख्खं पुढं टाकलं तर घासाची पानं तेवढी निवडून खायची आणि गवतावर मुतायची. आणि नुसता घास पोटात गेला की संपलंच. आई म्हणायची, "उपाशीपोटी निव्वळ घास म्हंजी इख. त्यात दवानं भिजलेला असला मग तर इचारूच नगं. पोट ढोलावानी फुगतंय अन् उभं जनावर आडवं हुतंय." लग्न होऊन आली त्या पहिल्याच वर्षी तिच्या हातून एक शेळी अशी गेली होती, दोन पिलं थानाला लुचत होती तेव्हा. नव्या नवरीनं येताच शेळी खाल्ली, असं तिला कितीतरी दिवस ऐकावं लागलं. तेव्हापासून तिचं माप ठरलं: दोनास एक, दव उतरल्यावर, तोडून, मिसळून. हे तिनं मला शंभरदा सांगितलेलं होतं. मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढं जे झालं ते मला माहीत नव्हतं म्हणून झालं असं कुणी समजू नये.

परवा आमच्या गावात शेळीपालनाचं शिबिर झालं. एक तरुण डॉक्टर फळ्यावर आकृत्या काढून सांगत होता, की एकदल चारा आणि द्विदल चारा मिसळून द्यावा, म्हणजे गवताबरोबर घासासारखं शेंगवर्गातलं काही. एकानं पोट भरतं, दुसऱ्यानं अंगी लागतं. बाया वहीत लिहून घेत होत्या. मी मागं बसून हसले, तर तो म्हणाला, "आजी, काही शंका आहे का?" शंका कसली आलीय, माझ्या बाबा! मला त्यातलं सगळं पंधराव्या वर्षी येत होतं. येऊन काय उपयोग झाला, ते विचार.

खरं सांगायचं तर मला त्या कुट्टीचा भयंकर कंटाळा होता. मी हाताशी आले तशी आईनं निम्मं काम माझ्यावर टाकलं. मारवेलाची कुसं मानेत शिरायची आणि दिवसभर खाजायचं. तळहाताला फोड यायचे, फुटायचे, त्याच जागी पुन्हा यायचे. शाळेत मुली हाताला मेंदी लावून यायच्या आणि माझे हात घासाच्या रसानं हिरवे. मी आळशी नव्हते, पण रागीट होते. नको असलेलं काम आलं की नाकाचा शेंडा लाल व्हायचा आणि मी ते काम कसंबसं उरकायची. आई बघायची आणि मी मोठाड तोडलेलं गपचूप पुन्हा ठोकळ्यावर घेऊन बारीक करायची.

दादांना, म्हणजे माझ्या वडलांना, यातलं काही ठाऊक नव्हतं. शेळ्या हा बाईमाणसांचा कारभार. दादांचं जग म्हणजे बैल, विहीर आणि पाहुणे. विहिरीला मोट होती, आणि दुष्काळाच्या दिवसांतही तळाशी हातभर पाणी टिकून राहिलेलं. तेवढ्यावर त्यांनी घासाचा तो तुकडा पोराबाळागत जपला होता. दादांचा खरा जीव मात्र पाहुण्यांत. पाहुणा दिसला की चुलीवर आमटीचं पाणी वाढायचं. पंगतीला ते स्वतः वाढायला उठायचे. बाजरीची भाकरी चुरलेली, त्यावर आमटी, कडेला लसणाचा ठेचा, आणि पाहुण्यानं ताटावर दोन्ही हात आडवे धरले तरी दादा बोटांच्या फटीतून डाव ओतायचे. "पुरे" हा शब्द त्यांना ऐकूच येत नसे. "पुरे म्हनत्यात तवा दोन डाव हानायचे," असं ते आम्हाला हसत सांगायचे. विचारून वाढणाऱ्या माणसाचा त्यांना मनस्वी तिटकारा. वाढू का म्हणून विचारणं म्हणजे नको म्हण असं सुचवणं, असा त्यांचा हिशेब.

दर वर्षी दिवाळी झाली की बिरूमामा धनगर मेंढरं घेऊन यायचा. बाजरी निघून रान मोकळं झालेलं असायचं. त्या रानात मेंढरं आठ-दहा रात्री बसवायची, म्हणजे लेंड्यांनी आणि मुतानं जमीन खतावते. त्या बदल्यात धनगराला धान्य द्यायचं, अशी रीत. बिरूमामा काटकुळा, डोक्याला लाल मुंडासं, बोलणं मोजकं. त्याची बायको ठकामामी तेवढीच बोलकी. घोडीवर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबड्या, मागं दोन कुत्री आणि पुढं चाळीस-पंचेचाळीस मेंढरं. त्यांच्या पुढं चांदी. चांदी म्हणजे पांढऱ्या कपाळाची जुनी मेंढी, गळ्यात पितळी घंटी. ती जिकडं वळेल तिकडं सगळा कळप वळायचा. मावळतीला माळावरून ती घंटी ऐकू आली की दादा बैल सोडून तसेच बांधावर जाऊन उभे राहायचे. त्या चाळीस-पंचेचाळीस जिवांपलीकडं बिरूमामाचं या जगात काही नव्हतं. घर नाही, वावर नाही. जे होतं ते चार पायांवर चालायचं.

त्या वर्षी ते आले ते अगदी वाळून. वाटेतल्या गावांतली रानं पेरलेली, कुणी मेंढराला तोंड घालू देईना. दोन दिवस नुसतं चालणं झालेलं. अंधार पडता पडता त्यांनी आमच्या रानात वाघूर लावली, म्हणजे दोरीच्या जाळ्याचं कुंपण, आणि मेंढरं तशीच रिकाम्या पोटी आत बसली. दादा ते बघून कळवळले. जेवताना म्हणाले, "उद्या सकाळी पयला चारा आपल्या हातचा. घासाचा सबंध वाफा कापायचा." आई माझ्याकडं बोट करत म्हणाली, "घाला की. पर शेवंता कुट्टी करून दील, तवा घाला." दादा हं म्हणाले. त्यांचं लक्ष बिरूमामाच्या ताटात आमटी ओतण्याकडं होतं.

दुसऱ्या दिवशी भिंगारचा बाजार. आई अंडी आणि लोणी घेऊन तांबडं फुटायच्या आत निघाली. जाताना मला हलवून उठवलं. "शेवंते, वाफा कापला की घास पसरून ठिव. उनं वर येऊ दी. दव उतरू दी. गंजीतलं मारवेल काढ, दोनास एक. लई हाय म्हनून कटाळा करू नगंस." मी पांघरुणातूनच व्हय म्हटलं.

घास दादांनीच कापला. गोठ्याच्या दारात एवढा ढीग आणून टाकला, की ठोकळा त्याच्याआड गेला. ओला, थंड, थेंब निथळणारा. मी त्या ढिगाकडं बघितलं आणि हिशेब केला. पाच शेळ्यांच्या कुट्टीला तास जायचा. ही तर चाळीस मेंढरं! एवढा घास, त्याच्या दुप्पट मारवेल, सगळं एकटीनं तोडायचं म्हणजे दुपार. त्या दिवशी शाळेला सुटी, मैत्रिणींबरोबर बोरं वेचायला जायचं ठरलेलं. आज लिहिताना सुद्धा लाज वाटते. बोरं! कारण शोधायला गेलं तर एवढंच सापडतं.

दादा कमरेवर हात ठेवून उभे होते, खुशीत. म्हणाले, "तुजी आय ह्यात कायतरी मिसळती न्हवं? काल कायतरी म्हनत हुती. मिसळायचं का काय?"

त्यांनी मला विचारलं. जो माणूस कधी विचारून वाढत नसे, त्यानं त्या दिवशी मला सरळ तोंडावर विचारलं. आणि मी, नाकाचा शेंडा लाल करून, म्हणाले, "ते शेळ्यांचं असतंय, दादा. शेळ्या चावट म्हनून मिसळायचं. मेंढरांना निव्वळ चालतोय."

"तेच म्हनतो!" दादा म्हणाले. "पाव्हन्याच्या पानात भुसकाट वाढायचं व्हय?" आणि त्यांनी घासाचा पहिला भारा डोक्यावर घेतला. दुसरा मी घेतला.

बिरूमामा तेव्हा तिथं नव्हता. दोन लंगडणाऱ्या मेंढ्या आदल्या दिवशी मागच्या वस्तीवर ठेवाव्या लागल्या होत्या, त्या आणायला तो पहाटेच गेलेला. ठकामामी विहिरीवर होती. दादांनी वाघूर उचलली आणि घास पसरला. मेंढरं त्यावर अक्षरशः कोसळली. एकमेकींच्या पाठीवर चढून खात होती. त्यांचं बें-बें थांबलं आणि नुसता कराकरा चावण्याचा आवाज सुरू झाला. दादा हसत हसत मूठमूठ उधळत होते, पंगतीत फिरावं तसे कळपात फिरत होते. एवढ्यात डोक्यावर घागर घेऊन ठकामामी आली आणि बघून थबकली.

"दादा, निव्वळच हाय का ह्यो?"

"निव्वळ! काडी घातली न्हाई बघ."

तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. ते मला दिसलं. घागर खाली ठेवत ती म्हणाली, "आवं, कशाला येवढा... बास झालं, दादा. उलीसं वाळलं गवात असलं तर तेबी चाललं असतं आमाला."

तिच्या जागी मी आज उभी राहून बघते, तर तिची पंचाईत कळते. रान आमचं, पाणी आमचं, दुष्काळातून वाचवलेला घास आमचा. घालणाऱ्याचा हात कसा धरायचा? ती जेवढं बोलू शकत होती तेवढं बोलली. आणि दादांना काय ऐकू आलं? त्यांना ऐकू आलं ते प्रत्येक पाहुणा ताटावर हात धरून म्हणतो तेच. "बास म्हनती बघ," असं माझ्याकडं बघून हसत त्यांनी उरलेला सगळा भारा उधळला. आमच्याकडं पुरे म्हणणाऱ्याला पुरे झालंय असं कुणीच मानत नाही. ही खरंच समजून बोलतीय, असं ओळखणारी तिथं मी एकटीच होते. तोंड उघडलं असतं तर अजून वेळ होता. अर्ध्या मेंढरांच्या पोटात अजून फारसं गेलंही नव्हतं. मी वाघुरीची दोरी बोटाला गुंडाळत उभी राहिले. बोलावं तर मघाशी खोटं बोलले हे उघड होणार. मेंढरांना नसेल होत, अशी मी माझी समजूत घातली.

घास संपला. दादा मोटेकडं गेले, ठकामामी चूल पेटवायला लागली. मी बोरांना गेले नाही. पाय निघेना. वाघुरीशेजारी बसून मी मेंढरांच्या डाव्या कुशी बघत राहिले, कारण फुगी डाव्या कुशीला धरते हेही आईनं शिकवलेलं. सगळ्या भरल्यासारख्या दिसत होत्या. भरणारच, खाल्लंय एवढं. मग चांदी कळपातून बाजूला झाली. तिनं पाय फाकवले. मान पुढं ताणली. डावी कूस पाठीच्या कण्याच्या वर आली होती. ती एकदा खाली बसली, लगेच उठली, पुन्हा बसली. तोंडातून लाळेची तार लोंबत होती आणि ती दात खात होती. कर्र, कर्र. मी मनात म्हटलं, होईल बरं. देवाशपथ सांगते, मी असं म्हटलं. मग दुसरी बाजूला झाली. मग तिघी एकदम. मग मी किंचाळले.

"मामी! पोटं फुगली!"

ठकामामी पीठ भरल्या हातांनी धावत आली आणि चांदीच्या कुशीवर टिचकी मारली. डमरूसारखा आवाज आला. "आगं आई गं," ती म्हणाली आणि दोन्ही हातांनी चांदीची कूस चोळायला लागली. तिकडून दादा धावत येत होते. आणि बांधावर बिरूमामा दिसला, खांद्यावर एक लंगडी मेंढी आडवी घेतलेली, दुसरी मागून खुरडत येणारी. त्यानं लांबूनच कळप बघितला. खांद्यावरची मेंढी त्यानं हळू खाली ठेवली आणि पळाला.

"काय घातलं ह्येंना?"

"घास," दादा म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. "निव्वळ."

"दवाचा?"

दादांनी मान हलवली. बिरूमामा थेट कळपात शिरला. रागवायला त्याला वेळच नव्हता. "उठवा समद्यांस्नी! बसू दिऊ नगा. टेकाडाला तोंड करून चालवा, फुडचे पाय वर पायजेत. दादा, लिंबाच्या काड्या तोडा, बोटायेवढ्या जाड. पोरी, घरात तेल हाय का? गोडं तेल? जेवढं आसंल तेवढं आन!"

मी पळाले. रान ते घर ही वाट मी इतक्यांदा तुडवली होती, पण त्या दिवशी ती संपेना. फडताळातला करडईच्या तेलाचा डबा, दिवाळीतून उरलेला, आईनं सबंध हिवाळ्यासाठी राखलेला. तो उचलला, हिंगाची डबी घेतली आणि पळत सुटले. वाटेत ठेच लागून अंगठ्याचं नख उलटलं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. परत आले तर दोन मेंढ्या आडव्या पडलेल्या, पाय ताठ. दादा लिंबाची काडी लगामासारखी मेंढीच्या तोंडात आडवी घालून सुतळीनं कानामागं बांधत होते. काडी चघळता चघळता ढेकर यावी, हवा सुटावी म्हणून. त्यांना गाठ बसेना. मी गाठी मारायला लागले. ठकामामी बांबूच्या नळकांड्यानं तेल पाजत होती, बिरूमामा मुठीनं कुशी चोळत होता. एक झाली की दुसरी, दुसरी झाली की तिसरी. तेल संपत आलं तसा मी डबा उलटा करून बोटानं निपटून दिला. एखादीला मोठ्यानं ढेकर आली, की आम्ही चौघं एकदम श्वास सोडायचो. आणि तेवढ्यात भलतीकडंच कुणीतरी कोसळायची.

चांदीला तेलही उतरेना. बिरूमामानं कमरेची सुरी काढली, डाव्या कुशीच्या खळग्यात बोट ठेवून जागा धरली आणि मारली. हवा सुटण्याऐवजी हिरवा फेस आला, साबणासारखा. बुडबुड, बुडबुड. त्यानं तिचं डोकं मांडीवर घेतलं. ती घंटी दोनदा हलली आणि थांबली. बिरूमामा तिच्या कपाळावरून हात फिरवत राहिला. मग उठला आणि पुढच्या मेंढीकडं गेला, कारण पुढची अजून जिवंत होती.

उन्हं डोक्यावर येईस्तोवर हे चाललं. सहा मेंढ्या गेल्या. बाकीच्या टेकाडावर उभ्या होत्या, तोंडात काड्या, लाळ गाळत, पण उभ्या होत्या. आम्ही सगळे जिथं होतो तिथं बसलो. दादा बिरूमामासमोर येऊन उभे राहिले. डोक्यावरची टोपी त्यांनी काढून हातात घेतली होती. दादांना उघड्या डोक्यानं रानात मी कधी पाहिलं नव्हतं.

"चूक माजी, बिरू. माज्या हातानं झालं ह्ये. पोरीलाबी मीच म्हनालो, निव्वळ घाल. तिला कुठलं ठावं?"

मी तिथंच होते. चार हातांवर. एक वाक्य होतं माझ्याकडं, तेवढं बोलायचं होतं. मी तेलाच्या रिकाम्या डब्याला झाकण लावत राहिले. दादांनी माझ्याकडं बघितलं, आणि त्या नजरेत संशयाचा लवलेश नव्हता. मी त्यांना खोटं सांगितलं असेल हे त्यांच्या डोक्यातच येत नव्हतं. मघाशी मला विचारलेलंही ते विसरून गेले असावेत.

दादांनी आमच्या पाचही शेळ्या सोडून आणल्या आणि दावी बिरूमामाच्या हातात द्यायला लागले. बिरूमामानं हात मागं घेतला. "आवं दादा, वाढलेलं बाधलं म्हनून कुनी घरच्याची ताटं उचलून न्हेतं का? तुमी मायेनं घातलं. ऱ्हाऊ द्या." दादांना ते लागलं, शिवी लागली असती त्याहून जास्त. आणि ठकामामीनं, जिच्या डोळ्यांचं पाणी अजून खळलं नव्हतं, मला जवळ ओढून माझ्या गालांवरून हात फिरवून कानशिलाशी बोटं मोडली. "ही पोर पळाली म्हनून बाकीची वाचली. लई गुनाची हाय." त्या कौतुकानं जे केलं ते आईच्या कोयत्यानं सुद्धा केलं नसतं. मला वाटलं, आत्ता ओरडावं. नाही ओरडले.

आई दुपारी आली. मी गोठ्याच्या दारात बसले होते. तिनं बाजाराची पाटी उतरवली, सगळं ऐकून घेतलं, आणि ठोकळ्याकडं बघितलं. ठोकळा कोरडा होता. गंजीतली एक काडी हललेली नव्हती. कोयता आदल्या दिवशी जिथं खोचला होता तिथंच. मग तिनं माझ्याकडं बघितलं. संध्याकाळी चुलीपाशी, भाकरी थापता थापता, खालमानेनं ती म्हणाली, "मी सांगनार न्हाई. तूच सांग. पर सांग."

मी सांगितलं नाही. आज सांगते, उद्या सांगते, असं करत सांगितलं नाही. बिरूमामा दुसऱ्याच दिवशी रान सोडून गेला. पुढं दुसरी मेंढी चालत होती, गळ्यात चांदीची घंटी. पुढच्या दिवाळीनंतर दादांनी मेंढरांसाठी ते रान न पेरता मोकळं ठेवलं. रोज मावळतीला बांधावर जाऊन उभे राहायचे. मी रोज सकाळी, कुणी न सांगता, कुट्टी करायला बसायची, बारीक, बोटभर, दोनास एक, शेळ्यांना लागेल त्याच्या चौपट. आई ते उरलेलं बघायची आणि घमेल्यात भरून बाजूला ठेवायची. बिरूमामा आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. आमची वाट त्यानं कायमची सोडली.

पण मला सांगायचंय ते हे नाही. मला सांगायचंय ते दादांचं. त्या दिवसानंतर पहिल्यांदा घरी पाहुणे जेवायला बसले तेव्हा दादा नेहमीसारखे आमटीचं भांडं घेऊन उठले. पाहुण्याच्या ताटापाशी वाकले आणि थांबले. म्हणाले, "वाढू का?"

पाहुण्याच्या काही लक्षातही आलं नाही. तो पुरे म्हणाला आणि दादा पुढं सरकले. भाकरी थापता थापता आईचा हात थांबला. मी भिंतीकडं तोंड केलं. तेव्हापासून माझ्या लग्नाच्या पंगतीत, माझ्या पोरांच्या बारशाला, प्रत्येक वेळी तेच. वाढू का? चालंल का? जास्त न्हाई न्हवं झालं? ओंजळीनं देणारा माणूस चमच्यानं द्यायला लागला. लोक म्हणायचे, वय झालं, हात आखडला. वय वगैरे काही नव्हतं. त्यांच्या मनानं घेतलं होतं, की आपण मायेनं घातलं तर जीव जातो. आणि ते खोटं होतं. मायेनं काही झालं नव्हतं. माझ्या एका खोट्या वाक्यानं झालं होतं, आणि ते वाक्य माझ्याकडं होतं.

दादा शेवटच्या वर्षी माझ्याकडं राहायला होते. ऐंशी ओलांडलेली, नजर अधू. आई आधीच गेलेली. माझ्या परसात दोन शेळ्या आहेत, आईच्या रीतीनं पाळलेल्या. एक दिवस सकाळी मी विजेवरच्या यंत्रावर कुट्टी करायला लागणार, तोवर दादा काठी टेकत येऊन बसले. एका बाजूला घासाची पेंढी, दुसऱ्या बाजूला वाळलं गवत. शेळीनं मान लांबवून त्यांचा सदरा चाटला. दादांना हसू आलं. त्यांनी पेंढीतून घासाची एक मूठ उपसली, शेळीच्या तोंडापाशी नेली आणि तिथंच थांबवली. शेळी धडपडत होती. दादांनी माझ्या दिशेनं तोंड केलं.

"शेवंते, घालू का गं?"

मी म्हटलं, "घाला की, दादा. मूठभरानं काय होतंय?" आणि ते वाक्य, इतक्या वर्षांचं, अगदी ओठांवर आलं. दादा, त्या दिवशी मला माहीत होतं. तुम्ही मला विचारलं होतं. तेवढ्यात त्यांनी मुठीतला निम्मा घास चाचपून परत पेंढीवर ठेवला. दुसऱ्या बाजूची वाळल्या गवताची चिमूट घेतली आणि तळहातावर तंबाखू मळावी तसं दोन्ही अंगठ्यानं मळलं, सावकाश, एकजीव होईपर्यंत. मग तो हात माझ्यापुढं धरला.

"आता चालंल?"

मी म्हटलं, "चालंल."